भूकंपात सळईचं काय होतं? घर बांधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी कोल्हापुरात आरसीसी डिझाइनचं काम करतो. घरमालक, तरुण साइट इंजिनिअर आणि कधीकधी फिटर (लोखंड बांधणारे कारागीर) सुद्धा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण घोळ तिथेच होतो.

कोल्हापूर भूकंपाच्या पट्ट्यात येतं का? इथं कधी काही झालेलं ऐकलं नाही.

घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तीव्रता ६.५ च्या आसपास. कोयनानगर इथून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. आमची आजी सांगायची, फडताळातली भांडी आधी वाजली आणि मग माणसं उठली. त्याआधी दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, इथं काही व्हायचं नाही, असाच समज होता. कोयनेनंतर भूकंपाचा नकाशाच बदलावा लागला.

आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात कोल्हापूर शहर तिसऱ्या झोनमध्ये आहे, कोयना चौथ्या (आकडा मोठा तेवढा धोका जास्त). १९९३-९४ मध्ये वारणा धरणाच्या बाजूलाही पाचाच्या वरचे धक्के बसले, आणि ते ठिकाण तर आपल्याला आणखी जवळ. तिसऱ्या झोनपासून पुढे आयएस १३९२० प्रमाणे, म्हणजे भूकंपासाठी लोखंड कसं बांधायचं ते सांगणाऱ्या मानकाप्रमाणे, लोखंड बांधणं बंधनकारक आहे. ‘आपल्याकडं लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, सरळ दुसरा माणूस बघा.

सळई एवढी मजबूत असते. ती भूकंपात तुटते कशी?

एका ओढीने सहसा तुटत नाही. घरी एक प्रयोग करा. जाडसर जीआय तार घ्या, एकाच जागी वाकवा, सरळ करा, उलटी वाकवा. पहिल्या एक-दोन वेळेला काहीच होत नाही. पाच-सहा वेळा झाल्यावर वाकल्या जागेवर बोट ठेवा, कोमट लागेल. तुम्ही हाताने घातलेली ताकद तिथे उष्णता होऊन बसली आहे. आणखी काही वेळा वाकवली की तार एकदम, फारसा आवाज न करता तुटते. तीच तार दोन्ही हातांनी ओढून तोडायला गेलात तर जन्मात तुटणार नाही.

भूकंपात बीमच्या टोकाला आणि कॉलमच्या पायथ्याला सळईचं नेमकं हेच होतं. इमारत डावीकडे झुकली की एका बाजूचा गज ताणला जातो, उजवीकडे झुकली की तोच गज दाबला जातो. नमण्याच्या हद्दीपलीकडे जाऊन पुन्हा उलटा येणारा प्रत्येक हेलकावा त्या गजाच्या आयुष्यातला एक तुकडा खातो. इंजिनिअरिंगमध्ये याला लो-सायकल फटीग म्हणतात, म्हणजे थोड्याच फेऱ्यांत येणारा थकवा. पुलावरून लाखो गाड्या जाऊन येणारा थकवा वेगळा.

उद्यमनगरात किंवा शिरोलीला फाउंड्रीत काम केलेल्यांना एवढंच सांगतो : बीड (कास्ट आयर्न) आणि पोलाद यांतला फरक तुम्हाला माहीत आहे. बीडाचा दांडा सूचना न देता मोडतो, पोलाद आधी वाकून दाखवतं. भूकंपाच्या डिझाइनचा सगळा डाव त्या वाकण्यावर उभा आहे. इमारत धक्का सगळाच्या सगळा अंगावर घेऊन ताठ उभी राहील असं आपण साधारण घरांसाठी धरतच नाही. ती ठरलेल्या जागी नमेल, गज तिथे ताणून-दाबून भूकंपाची ऊर्जा जिरवतील आणि माणसं जिवंत बाहेर येतील, असा हिशेब असतो.

नमणं म्हणजे नक्की किती? आकड्यात सांगा.

एफई ५०० चा, म्हणजे चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताणाला नमणाऱ्या ग्रेडचा, एक मीटर लांबीचा गज घ्या. तो साधारण अडीच मिलिमीटर लांबेपर्यंत रबरासारखा परत जागेवर येतो. त्यापुढे गेला की कायमचा लांबतो. मोठ्या भूकंपात बीमच्या टोकाशी स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने झालेली लांबणी) दोन टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे त्याच हिशेबाने मीटरला वीस मिलिमीटर. अर्थात मीटरभर लांबीत तो पसरत नाही. जिथे काँक्रीटला तडा गेला त्या आसपासच्या थोड्या लांबीत तो गोळा होतो.

मोघम नियम असा की स्ट्रेन दुप्पट झाला की गज सोसू शकेल अशा फेऱ्या साधारण चौथ्या हिश्शावर येतात. एक टक्क्याला गज काही डझन फेऱ्या सहज काढेल, दोन टक्क्यांना त्या आठ-दहावर येऊ शकतात. दोन-चार मजली इमारतीचा एक हेलकावा अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो. जोराची हलचल पंधरा सेकंद टिकली तरी तीसेक हेलकावे झाले. त्यांतले सगळे मोठे नसतात हे नशीब.

कोयनेचे छोटे धक्के वर्षानुवर्षं चालू आहेत. त्यांनी आमच्या घराचं लोखंड थकलं असेल का?

नाही. तीन-साडेतीनच्या धक्क्यात इथल्या गजातला ताण नमण्याच्या हद्दीच्या कितीतरी खाली राहतो. तार न वाकवता नुसती टिचकी मारत बसलात तर ती तुटत नाही, तसंच. त्या धक्क्यांनी प्लास्टरला केसाएवढी भेग पडू शकते, आणि आपल्याकडे काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यानेही तशीच भेग पडते, म्हणून लोक दोन्हींचा घोळ घालतात.

एकदा ताणलेली सळई उलट दाबली तर तितकीच ताकद देते ना?

देत नाही, आणि ही गोष्ट कॉलेजमध्येही घाईत उरकतात. पहिल्यांदा ताणताना गज ठरलेल्या ताकदीपर्यंत ताठ राहतो आणि मग एका ठळक टप्प्याला नमतो. पण एकदा नमून उलट दिशेने दाबायला घेतला की तो आधीच, हळूहळू, वळण घेत नमायला लागतो. तो ठळक टप्पा पुन्हा दिसत नाही. जर्मनीच्या योहान बाउशिंगर यांनी एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं, म्हणून बाउशिंगर इफेक्ट हे नाव.

मालकाला याचं काय? तर दाबाच्या फेरीत गज मऊ झालेला असतो, आणि मऊ गज बाजूला फुगायला सोपा. त्याच वेळी वरचं कव्हर, म्हणजे गजाबाहेरचा काँक्रीटचा थर, तडकून सुटलेलं असतं. मग त्याला जागेवर धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते.

ती म्हणजे रिंग, उभ्या गजांभोवती बांधलेली आडवी कडी. पण रिंगांचा एवढा आग्रह का? गज जाड घेतले की झालं ना?

जाड गज घेणं सोपं, कारण ते बिलात दिसतं. रिंगा बांधणं जिकिरीचं. पण भूकंपात जाड गजाचं आयुष्य अडीच सुताची रिंग ठरवते. (अडीच सूत म्हणजे आठ मिलिमीटर, आमचे फिटर अजून सुतातच बोलतात.)

प्लॅस्टिकची फूटपट्टी उभी धरून वरून दाबा. ती बाजूला फुगते. आता कुणाला तरी तिला मधोमध दोन बोटांनी धरायला सांगा. चौपट जोर लागतो. दोन रिंगांमधला गज म्हणजे ती फूटपट्टी. सोळा मिलिमीटरचा गज आणि रिंगा दोनशे मिलिमीटरवर असतील तर मोकळी लांबी व्यासाच्या साडेबारा पट होते, आणि दाबाच्या फेरीत गज हमखास बाहेर फुगतो. हीच लांबी व्यासाच्या पाच-सहा पटीत ठेवली तर गज दाबातही जवळजवळ ताणाइतकीच साथ देतो.

फुगल्यावर पुढचं दुखणं सुरू होतं. वाकलेल्या गजाच्या आतल्या कडेला धातू भयंकर दाबला जातो. पुढच्या फेरीत इमारत उलट झुकते, गज ओढून सरळ होतो, आणि त्या दाबलेल्या कडेला, सळईवरच्या रिब जिथे अंगाला चिकटतात तिथे, बारीक भेग उघडते. अजून दोन-तीन फेऱ्या आणि गज तुटतो. न फुगलेल्या गजाने जेवढ्या फेऱ्या काढल्या असत्या त्याच्या निम्म्याही फुगलेल्याच्या नशिबी नसतात.

म्हणून आयएस १३९२० म्हणतं की कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगांचं अंतर तीन गोष्टींपैकी सगळ्यात लहान ठेवा : कॉलमच्या लहान बाजूचा चौथा हिस्सा, बारीक उभ्या गजाच्या व्यासाची सहा पट, किंवा १०० मिलिमीटर. ३०० बाय ४५० मिलिमीटरचा कॉलम आणि सोळाचे गज असतील तर ७५ मिलिमीटर येतं. हा पट्टा दोन्ही टोकांना किमान ४५० मिलिमीटरचा.

खर्च किती वाढतो ते मी एकदा मालकासमोर चहाच्या कपाजवळ बसून काढलं. सरसकट २०० वर रिंगा टाकल्या तर मजल्याला तेरा-चौदा लागतात, नियमाने टाकल्या तर तेवीस-चोवीस. एका रिंगेला अर्ध्या किलोच्या आसपास लोखंड. म्हणजे कॉलममागे मजल्याला पाच-सहा किलो, मधल्या लिंका (समोरासमोरचे गज बांधणारे आडवे आकडे) धरून अजून थोडं. मालक गप्प बसले आणि मग म्हणाले, “एवढ्यासाठी ठेकेदार भांडत होता व्हय?”

हूक ९० अंशांत वाकवला तर काय बिघडतं?

याचं उत्तर मी माझ्याच चुकीतून देतो. पहिल्या नोकरीत एका बंगल्याचे कॉलम मी तपासले. अंतर बरोबर, संख्या बरोबर, पण रिंगांची टोकं काटकोनात वाकवून बाहेरच्या बाजूला सोडलेली. मी फिटरमामांना म्हणालो, हूक आत पाहिजेत. ते म्हणाले, “सर, हूक आत घातले की व्हायब्रेटरची नळी अडकती. आन् एवढ्या रिंगांत काँक्रीट खाली उतरणार न्हाई.” सकाळी अकराला मिक्सर येणार होता. मी पास केलं. तो बंगला उभा आहे आणि त्याला काही झालेलं नाही, कारण तेव्हापासून मोठा धक्का बसलेला नाही. त्या रस्त्याने जाताना मी अजून तिकडे बघतो.

काटकोनातला हूक कव्हरच्या भरवशावर असतो. कव्हर सुटलं की तो उघडतो, रिंग सैल होते आणि वर सांगितलेलं सगळं सुरू होतं. १३५ अंशांचा हूक कॉलमच्या गाभ्यात रुतलेला असतो, तो सुटत नाही. पुढची सरळ शेपटी व्यासाच्या सहा पट, पण ६५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. फिटरमामांची काँक्रीटची तक्रार मात्र खोटी नव्हती. तिचा इलाज २० ऐवजी १२ मिलिमीटरची खडी आणि बारीक नळीचा व्हायब्रेटर हा आहे, रिंगा कमी करणं हा नाही.

आणि कॉलम-बीमच्या जोडात रिंगा लागतातच. तिथे हात पोचत नाही म्हणून त्या सर्रास गाळतात. एकवेळ मधल्या दोन कमी झाल्या तरी चालतील, जोडातल्या गाळू नका.

लोखंड घेताना ५०० घ्यायचं की ५००डी?

५००डी. साध्या ५०० ला १२ टक्के लांबणी चालते, ५००डी ला किमान १६ लागते. भूकंपाच्या नियमात १४.५ टक्क्यांहून जास्त हवी, म्हणजे साधं ५०० काठावरही बसेल याची खात्री नाही.

पण नुसतं ‘डी’ बघून निश्चिंत होऊ नका. दोन अटी बहुतेकांना माहीतच नसतात. पहिली : तुटण्याची ताकद नमण्याच्या ताकदीच्या किमान १.१५ पट हवी, आणि ५००डी ला सळईच्या मानकात १.१० चालते. म्हणजे सळई स्वतःच्या मानकाला पास आणि भूकंपाच्या नियमाला नापास असं होऊ शकतं. दुसरी : प्रत्यक्षातली नमण्याची ताकद ठरलेल्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त नको. ५०० च्या सळईला ६०० ही कमाल.

‘एस’ ग्रेडमध्ये हेच गुणोत्तर १.२५ आहे. मिळाली तर तीच घ्या, पण रिपोर्ट बघून.

ताकद जास्त आली तर चांगलंच की! नापास का करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण विचारणारा हुशार असतो. घरातला फ्यूज आठवा. पाच अँपिअरच्या जागी कुणी जाड तार घातली तर फ्यूज उडत नाही, मग आतली वायर जळते. बीमचं टोक हा इमारतीचा फ्यूज आहे. ते ठरलेल्या जोरालाच नमलं पाहिजे. सळई सव्वापट ताठ निघाली की बीम नमत नाही आणि तो जादा जोर कॉलमवर आणि जोडावर जातो. बीम नमला तर एक खोली वाकडी होते, कॉलम गेला तर वरचे सगळे मजले खाली येतात. म्हणूनच एका जोडाला मिळणाऱ्या कॉलमची एकूण वाकण-ताकद बीमच्या किमान १.४ पट ठेवायचा नियम आहे. जास्त ताकदीची सळई तो हिशेब गुपचूप मोडते.

गुणोत्तराचंही तसंच. नमल्यानंतर गज थोडा थोडा ताठ होत गेला तर नमण्याचा पट्टा आजूबाजूला पसरतो. ताठ होत नसेल तर सगळी लांबणी एकाच तड्यात गोळा होते आणि गज तिथेच तुटतो.

दुकानदाराने टेस्ट रिपोर्ट दिला आहे. तो पुरे ना?

रिपोर्ट वाचता आला तर पुरे. मागच्या पावसाळ्यात एकाने मोठ्या कौतुकाने दाखवलेल्या रिपोर्टात नमण्याची ताकद ६१२, तुटण्याची ६९०, लांबणी १७ टक्के, आणि खाली ‘पास’चा शिक्का. ६१२ म्हणजे ६०० च्या वर. ६९० भागिले ६१२ म्हणजे १.१३. भूकंपाच्या दोन्ही अटींत नापास.

आणखी एक. लॅबमधलं मशीन गज एकदाच, एकाच दिशेला, हळूहळू ओढतं. भूकंप तसा वागत नाही. लांबणी मोजतानाही तुटलेले दोन तुकडे जोडून मोजतात, त्यात तुटल्या जागेची मान बारीक झालेली लांबीही धरली जाते. त्यापेक्षा कमाल जोराला गज सगळीकडे सारखा किती लांबला, हा आकडा जास्त खरं बोलतो. ५००डी ला तो किमान ५ टक्के लागतो. रिपोर्टात तो रकाना असेल तर आधी तिथे बघा.

वरचा मजला पुढे बांधायचा म्हणून गच्चीवर गज सोडलेत. मधे वाकवून ठेवलेत, नंतर सरळ करू. चालेल?

कोल्हापुरात गच्चीवर चढलं की चहूकडे हेच दिसतं, कुठे त्यावर कपडे वाळत असतात. वाकवताना वळणाच्या आतल्या-बाहेरच्या कडेचा बराचसा जीव तिथेच खर्च होतो. मग ते गज पाच-सात वर्षं तसेच राहतात आणि तेवढ्या काळात वाकलेली जागा आणखी कडक, ठिसूळ होत जाते. यालाच स्ट्रेन एजिंग म्हणतात. सळईच्या मानकात हे तपासायला रीबेंड चाचणी आहे : गज दोन भागांमधला कोन १३५ अंश होईपर्यंत वाकवायचा, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा आणि मग उलट सरळ करत आणायचा. उकळतं पाणी हे त्या वर्षांचं सोंग.

पण चाचणीत वाकवायला ठरलेल्या मापाचा गोल दंडा असतो. गच्चीवर पाइप घालून पायाने दाबतात, वळण टोकदार होतं. आणि हे सगळं नेमकं कॉलमच्या पायथ्याशी, जिथे भूकंपात गज सगळ्यात जास्त नमणार. गज सरळच ठेवा, सिमेंटची स्लरी लावून त्यावर दुबळं काँक्रीट भरा, बांधताना फोडून काढा. शक्य असेल तर वरचा कॉलम अर्ध्यापर्यंत आताच चढवा. लॅप, म्हणजे जुन्या आणि नव्या गजांची शेजारी-शेजारी जोड, कॉलमच्या मधल्या भागातच हवा, पायथ्याशी नको.

२०१९ च्या महापुरात पार्किंग बुडालं होतं. त्याचा भूकंपाशी संबंध आहे?

दोन बाजूंनी. पाणी कव्हरमध्ये शिरलं आणि गंज धरला असेल तर गजावर खड्डे पडतात, आणि थकव्याची भेग नेमकी खड्ड्यातून सुरू होते. गजाचं वजन पाच टक्के घटलं म्हणजे आयुष्य पाचच टक्के घटलं असं नसतं.

दुसरी बाजू जास्त काळजीची. पुराच्या भीतीने पंचगंगेच्या बाजूला तळमजला मोकळा सोडून खांबांवर इमारती उचलतात. पुरासाठी शहाणपणाचं आहे. पण वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती आणि खाली नुसते खांब, म्हणजे भूकंपाचा सगळा झोका त्या एका मजल्यातले कॉलम घेणार. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादमध्ये, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर, अशाच इमारती बसल्या. तुमची अशी असेल तर खालच्या मजल्यात आरसीसी भिंती किंवा कॉलम जाड करण्याबद्दल कन्सल्टंटशी बोला.

रिंगा वेल्डिंगने टाचल्या तर?

टीएमटी गजाची ताकद बाहेरच्या कडक सालीत असते. टाचणीच्या उष्णतेने तेवढी जागा बिघडते. बाइंडिंग तारच वापरा.

धक्का बसून गेल्यावर काय तपासायचं?

बीमच्या टोकाला आणि कॉलमच्या वर-खाली बघा. फुलीसारखे तडे, सुटलेलं कव्हर, उघडलेली रिंग, बाहेर फुगलेला गज. फुगलेला गज ठोकून सरळ करून वर प्लास्टर मारणं म्हणजे तुटत आलेली तार सरळ करून पुन्हा वापरणं. तो भाग कापून, टेकू देऊन, कपलरने (दोन गजांची टोकं जोडणाऱ्या नळीने) नवा गज जोडावा लागतो.

उलट, तडा बारीक आहे म्हणून सगळं ठीक असंही समजू नका. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये सप्टेंबर २०१० ला मोठा भूकंप झाला आणि फेब्रुवारी २०११ ला शहराच्या जवळ दुसरा. कमी गज असलेल्या काही भिंतींत वरून एकच अरुंद तडा दिसत होता, फोडून बघितलं तर आतले गज तुटलेले. पहिल्या भूकंपाने खाल्लेलं आयुष्य परत येत नाही.

काँक्रीट भरायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः काय बघू शकतो? मी इंजिनिअर नाही.

कॉलमच्या पायथ्याशी उकिडवे बसा. रिंगांची टोकं आत वळलेली आहेत का बघा, आणि सगळे हूक एकाच कोपऱ्यात न येता आळीपाळीने फिरवलेत का तेही. मग शिडीवर चढून बीमच्या जोडात टॉर्च मारा, तिथे रिंगा दिसल्या पाहिजेत. टेप जवळ नसेल तर हाताची चार बोटं जुळवून दोन रिंगांमध्ये आडवी धरा. टोकाच्या पट्ट्यात ती जेमतेम बसली पाहिजेत. अख्खा पंजा फिरला तर फिटरमामांना तिथेच बोलवा, सकाळच्या मिक्सरची वाट बघू नका.